डिस्पॅचबाईंचं प्रपोजल

चाळीस वर्षं मी इंग्रजी शिकवतोय. एवढ्या वर्षांत विद्यार्थ्याचा एकच परिच्छेद मी सगळ्या वर्गापुढे नमुना म्हणून वाचून दाखवला. आज तो आठवला की मान खाली जाते. लिहिला होता डिस्पॅचबाईंनी, पण मानगुटीवर बसून त्यांच्याकडून लिहून घेतला मी. त्यामुळे त्याचं पाप माझ्याच माथी.

चष्म्याच्या दुकानावर माझी एक खोली आहे. संध्याकाळी सहा ते आठ तिथं वर्ग भरतो. बाकं बारा, पंखा एक, आणि फळ्याला मधोमध उभी चीर. माझ्याकडे येणाऱ्यांना इंग्रजी येत नाही असं नाही. बोलता येतं, वाचता येतं, पण औपचारिक कागद लिहायची वेळ आली की घाम फुटतो. त्या वर्षी परदेशी जायच्या तयारीतली एक नर्स होती, यंत्रं विकणारा एक बडबड्या सेल्समन होता, आणि साधी चौकशी लिहिली तरी समोरच्याला शिवी वाटावी असे ईमेल लिहिणारे दोन इंजिनियर होते. मी त्यांना अहवाल, तक्रार, इतिवृत्त शिकवतो, आणि शेवटी प्रपोजल. प्रपोजल सगळ्यात अवघड, कारण त्यात मागायचं असतं. आणि मागायची वेळ आली की आपली माणसं ताकाला जाऊन भांडं लपवतात.

बाई आल्या तेव्हा बासष्ट वर्षांच्या होत्या. घट्ट अंबाडा, इस्त्रीची साडी, आणि पर्समध्ये स्टेपलर. एका जहाज कंपनीच्या डिस्पॅच खात्यात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाकडून अर्धं पान लिहून घेतो. बाईंच्या अर्ध्या पानात एक चूक सापडेल तर शपथ. पण पान वाचून संपलं तरी बाईंना काय म्हणायचंय ते कळेना. सगळं ‘आपल्या वरील संदर्भांकित पत्राच्या अनुषंगाने’ छापाचं.

“बाई, इंग्रजी झकास आहे,” मी म्हटलं, “पण यात तुम्ही कुठे आहात?”

“डिस्पॅचमध्ये आम्ही नसतोच, सर. आलेलं नोंदवायचं आणि पुढे पाठवायचं.”

वर्ग हसला. सेल्समनने तिथल्या तिथे त्यांचं बारसं केलं. डिस्पॅचबाई हसल्या, पण त्यांचं वहीतलं काम चालूच होतं. मी दिलेल्या कागदावर त्या उजव्या कोपऱ्यात तारीख आणि नंबर टाकत होत्या.

तिसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर त्या मागे थांबल्या आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांना एकच मुलगी, तेहतीस वर्षांची. जन्मापासून बुद्धीनं चार-पाच वर्षांच्या पोरीएवढीच राहिलेली. सगळे तिला चिमणी म्हणतात. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. चिमणीसारख्या नऊ मुलामुलींच्या आयांनी, आणि दोघांना आई नव्हती त्यांच्या आत्यांनी मिळून, एका बंद पडलेल्या छापखान्याच्या मागच्या खोलीत, दिवसाचं केंद्र चालवलं होतं. आळीपाळीनं रोज एकजण दिवसभर थांबायची, बाकीच्या कामावर जायच्या. आता आया म्हाताऱ्या होत चालल्या होत्या. मुलांना कायमचं राहता येईल असं घर हवं होतं. परदेशातली एक संस्था अशा घरांना निधी देते असं कळलं, पण तिला प्रपोजल इंग्रजीतूनच लागतं, तेही ठरावीक मथळ्यांखाली. नऊ घरांत इंग्रजी पत्रव्यवहार केलेल्या एकट्या बाईच.

“भाऊ आहे माझा,” त्या म्हणाल्या. “फोनवर म्हणतो, ताई, आम्ही आहोत ना. असेलही. पण मी गेल्यावर कुणीतरी तिला उचलून कुठेतरी नेऊन ठेवणार, ते मला नकोय. मी असताना तिला तिथं रुळवायचंय. आधी मी रोज जाईन, मग एक दिवसाआड, मग आठवड्यानं. शर्टाचं बटण लावायला तिला दोन वर्षं लागली, सर. पण शिकली की विसरत नाही. माझ्याशिवाय राहायलाही दोन वर्षं धरली आहेत मी.”

आईशिवाय राहायला दोन वर्षं लागतील, आणि ती दोन वर्षं आपण जिवंत असतानाच मिळाली पाहिजेत, एवढंच त्या बाईचं मागणं होतं. मी म्हटलं, करू की. त्यात काय!

पहिला मसुदा आला. दीड पान नुसते आभार. संस्थेची थोरवी, तिच्या कार्याचा गौरव, आमचं अहोभाग्य. मागणी कुठाय म्हणून शोधलं तर ती शेवटच्या ओळीत सापडली, तीही ‘योग्य तो विचार व्हावा’ एवढीच. “नमनाला घडाभर तेल जाळलंत,” मी म्हटलं आणि सव्वा पानावर काट मारली. बाईंनी काट मारलेला कागदही नंबर टाकून फाईलला लावला.

दुसरा मसुदा थेट होता, पण त्यात मुलांबद्दल अवाक्षर नाही. ‘आमच्या सभासदांना दैनंदिन व्यवहारात थोड्या साहाय्याची आवश्यकता भासते.’ मी भडकलो. मला भडकायला फार लागत नाही.

“हे वाचून त्यांना वाटेल निवृत्तांचा पत्त्यांचा क्लब आहे! मुलांना काय येत नाही ते लिहा. स्वच्छ लिहा.”

“असं चारचौघांत बोलायचं नसतं मुलांबद्दल, सर,” बाई हळू म्हणाल्या. “आम्ही आपसातसुद्धा बोलत नाही. नऊ जणी आहोत, पण कुणाच्या मुलाला काय येत नाही हे कुणी तोंडानं म्हणत नाही. काय येतं तेच सांगायचं, असं ठरलंय आमचं.”

“मग घर राहू द्या.”

हे मी म्हणालो. असं कुणाला बोलायचं नसतं हे मला कळत होतं, तरी म्हणालो. पुढच्या आठवड्यात बाई नऊ ओळी घेऊन आल्या. नऊ मुलं, नऊ ओळी, प्रत्येकाला काय करता येत नाही ते. चिमणीची ओळ होती: वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ एकटी राहू शकत नाही. प्रत्येकीकडे जाऊन तिची परवानगी घेतली होती त्यांनी. एकीनं परवानगी दिली, पण त्या दिवसापासून बाईंशी बोलणं टाकलं. मी त्या नऊ ओळींच्या समासात लाल पेनानं ‘उत्कृष्ट’ लिहिलं.

एका शनिवारी सकाळी त्यांनी मला केंद्र बघायला नेलं. दाराशीच एका जाड बाईमाणसानं अडवलं. “काका, चपला बाहेर!” हीच चिमणी. दोन वेण्या, त्यात पांढरे केस, आणि गळ्यात रुमाल. मी चपला काढेपर्यंत ती हलली नाही. मग माझा हात धरून तिनं मला तिचं काम दाखवलं. टाचण्यांचा ढीग होता, त्यातल्या वाकड्या एका डबीत आणि सरळ दुसऱ्या डबीत टाकायच्या. माझ्याकडूनही चार टाचण्या टाकून घेतल्या आणि एक चुकली तेव्हा कपाळाला हात लावला. इतकं मनापासून मला हल्ली कुणी रागावत नाही.

भिंतीवर एक वही टांगलेली होती. त्यात मुलं ज्या क्रमानं केंद्रात आली त्या क्रमानं त्यांचे नंबर. चिमणीचा नंबर तीन. खिडकीशी कोण बसणार, डॉक्टर आले की आधी कुणाला दाखवायचं, कुणाच्या आईला सुट्टी आधी, सगळं त्या नंबरानं. ही बाईंचीच पद्धत, आवक-जावक रजिस्टरातून आलेली. “नंबर असला की भांडण नाही,” त्या म्हणाल्या. “आणि कुणाचं दुःख मोठं, हे मोजत बसावं लागत नाही.”

हे वाक्य मी ऐकलं, मान डोलावली, आणि पंधरा दिवसांत विसरलो.

कारण पंधरा दिवसांनी आम्ही सगळ्यात अवघड मथळ्याशी आलो. पहिल्या टप्प्यात संस्था सहाच खाटा देणार होती, आणि मुलं नऊ. निवड कशी करणार? बाईंनी लिहिलं होतं: नोंदवहीतील क्रमानुसार. एका ओळीत विषय संपवला होता.

मी ती ओळ खोडली.

“सर, नंबरानं घेतलं तर कुणी भांडणार नाही.”

“देणारा भांडेल ना! त्याला तुमची वही काय माहीत? आधी आला म्हणून खाट, हा काय बसचा थांबा आहे? गरज दाखवा. मोजता येईल अशी. आणि एक लक्षात ठेवा, लिहिणाऱ्याचा स्वतःचा स्वार्थ वाचणाऱ्याला दिसता कामा नये. तो दिसला की प्रपोजल मेलं.”

“स्वार्थ,” बाई म्हणाल्या. मग पेनाचं टोपण लावून मी खोडलेली ओळ पुन्हा वाचत बसल्या. मला वाटलं, योग्य शब्द शोधतायत.

पुढच्या तासाला त्यांनी तो परिच्छेद आणला. पहिला अधिकार ज्यांचे आईवडील दोघेही हयात नाहीत त्यांना. दुसरा, ज्यांचे पालक सत्तरीच्या पुढचे आहेत त्यांना. तिसरा, पालकाला गंभीर आजार असेल तर. त्यानंतर बाकीचे. आणि सहापैकी एक खाट कायम रिकामी ठेवायची, एखाद्याचे पालक अचानक गेले तर त्याच दिवशी जागा मिळावी म्हणून. हे शेवटचं तर मी सुचवलंही नव्हतं, त्यांचंच होतं. भाषा अशी, की एक शब्द काढता येईना, एक घालता येईना. मी आनंदानं वेडा झालो. टेबलावर बोटं आपटत तो परिच्छेद वर्गाला वाचून दाखवला. “याला म्हणतात प्रपोजल! लिहिणारा कुठे दिसतोय का बघा!” सेल्समनने टाळ्या वाजवल्या. बाई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. शोधणं बराच वेळ चाललं.

चिमणी या यादीत कुठे बसते, हे मी विचारलं नाही. आजही स्वतःला विचारतो, का नाही विचारलं? उत्तर सोपं आहे आणि वाईट आहे. मला परिच्छेद आवडला होता.

आठ महिन्यांनी मंजुरी आली. पत्रात त्या निवडीच्या मथळ्याचा खास उल्लेख होता, ‘अत्यंत न्याय्य’ म्हणून. एका बैठ्या घराचा तळमजला भाड्यानं घेतला, सहा खाटा आल्या, आणि राहायला एक मावशी मिळाली, माणूस प्रेमळ. मला उद्घाटनाला बोलावलं. मुलं खाटांवर बसून उड्या मारत होती. मी प्रत्येक खाटेपाशी चिमणीला शोधलं. ती तिथं पाहुणी म्हणून आली होती, आईचा पदर धरून.

“चिमणीची खाट कुठली?” मी विचारलं.

“तिचा नंबर आठवा लागला, सर.” बाईंचा आवाज अगदी आवक-जावक सांगावं तसा. “दोघांना आईवडील नाहीत. तिघांचे पालक सत्तरीच्या पुढे. पाच झाले. मग दोघांचे पालक आजारी, ते सहावे-सातवे. सहावी खाट रिकामी ठेवायची. मी बासष्टची, मला काही आजार नाही. बरोबरच आहे.”

“आणि वहीतल्या नंबरानं?”

“तिसरी होती.”

रिकाम्या खाटेवर स्वच्छ चादर घातली होती, उशाशी पांघरुणाची घडी. मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, आपण त्यांना लिहू, मी स्वतः मसुदा करतो, ही खाट अशीच पडून आहे, चिमणीला महिन्यातून चार रात्री तरी राहू द्या. बाईंनी मान हलवली.

“आऊटवर्ड झालेलं पत्र परत मागवता येत नाही, सर. आणि आज मी माझ्या मुलीसाठी नियम वाकवला, तर त्या नऊ ओळी लिहायला ज्यांनी परवानगी दिली त्या काय म्हणतील? हिनं आमच्या मुलांचं सगळं उघडं केलं ते स्वतःच्या पोरीसाठी, असंच ना?”

“मग निदान दिवसा आणत जा तिला इथं.”

“दिवसा आणली आणि संध्याकाळी परत नेली, तर हे फिरायला जायचं ठिकाण आहे असं शिकेल ती. एकदा शिकली की विसरत नाही.” मग त्यांनी माझीच समजूत घातली. “दुसऱ्या टप्प्यात पाच खाटा मिळतील. त्याचं प्रपोजल करू आपण. मी काय लगेच कुठे चाललेय? अजून दहा वर्षं आहेत माझ्याकडे.”

दुसऱ्या टप्प्याचं प्रपोजल आम्ही खरंच सुरू केलं. आता बाई वर्गात येत नसत, मीच रविवारी त्यांच्या घरी जायचो. दोन खोल्या, जिना चढून डावीकडे. चिमणी मला दारात अडवायची, चपला काढवायची. बाईंचं लिहिणं आता असं झालं होतं, की माझं लाल पेन खिशातून बाहेरच येत नसे. त्यांनी ‘आम्हाला हवे आहे’ असं लिहायला सुरुवात केली होती. तिसऱ्या मथळ्यापर्यंत आम्ही आलो होतो.

एका मंगळवारी सकाळी बाई उठल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, झोपेतच, पहाटे कधीतरी. शेजारीण साडेअकराला काही मागायला गेली तेव्हा चिमणीनं दार उघडलं आणि तोंडावर बोट ठेवून तिला गप्प केलं. आईचं अंग गार लागलं म्हणून तिनं घरातली सगळी पांघरुणं आईवर घातली होती. स्वतःचं स्वेटरसुद्धा. बटणं लावलेली होती. सकाळपासून काही न खाता ती पायाशी बसून राहिली होती.

मामा दुपारी आला. त्याला दोष देत नाही, तो माणूस मनापासून रडला. पण त्याच्या घरी मुलगी बाळंतपणाला आलेली, जागा नाही. आणि नियम तर होताच. पालक अचानक गेल्यास त्याच दिवशी. संध्याकाळी सहाच्या आत चिमणी त्या सहाव्या खाटेवर होती. मी शिकवलेलं इंग्रजी इतकं अचूक कधीच कुणाला लागू पडलं नव्हतं.

दोन वर्षं धरली होती बाईंनी. तिला एक दुपार मिळाली. ती खाट सव्वा वर्ष रिकामी होती, मावशी तिची चादर दर आठवड्याला बदलायची, आणि त्या सव्वा वर्षात आई धडधाकट होती, बसनं वीस मिनिटांवर.

चौथ्या दिवशी मी गेलो. चिमणी बाहेरच्या पायरीवर बसली होती, पायात चपला घालून, मांडीवर पिशवी. मावशी म्हणाली, “पहिल्या दिवसापासून अशीच बसते. पिशवी उघडू देत नाही. रात्री झोप लागली की उचलून आत नेतो.”

मी शेजारी बसलो. तिनं मला ओळखलं. माझ्या चपलांकडे पाहिलं, पण काढा म्हणाली नाही. हे तिचं घर नव्हतं.

“काका, मला घरी सोडा ना,” ती म्हणाली. “आई एकटीच आहे.”

“चिमणे, आई आता घरी नाही गं.”

“आहे. झोपलीय.” माझ्या अडाणीपणाचं तिला आश्चर्य वाटलं. मग माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, आणि तिला काय वाटलं कोण जाणे, मी रागावलोय असं वाटलं असावं. तिनं माझा हात धरला आणि घाईघाईनं म्हणाली, “मी नाही उठवलं तिला. खरंच. मी आवाजच केला नाही.”

मी ‘शहाणी आहेस’ म्हटलं. मग मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. चिमणीनं गळ्यातला रुमाल काढून माझ्या हातात दिला आणि पुन्हा रस्त्याकडे बघत बसली. आतून मावशीनं जेवायला हाक मारली, एकदा, दोनदा, तीनदा. चिमणी उठली नाही, आणि तिला आत चल म्हणायचं तोंड मला नव्हतं.